चेतूच्या शीची वही

९ नोव्हेंबर २०२४

ही वही खरं तर चेतूच्या शीची आहे. सुरतच्या सर्जनसाहेबांनी सांगितलं, रोजचं लिहून ठेवा: किती वाजता पाजलं, किती वेळा शी झाली, रंग कसा, पोटाचा घेर किती सेंटीमीटर. चेतू व्हायच्या आधी मी राखोलीला धाग्याच्या कंपनीत दोन वर्षं शिफ्टचं रजिस्टर लिहिलंय, त्यामुळे रकाने आखायला मला शिकवावं लागत नाही. पुढून चेतूची वही, मागून माझी. मागची पानं कुणी उलटत नाही.

चेतू पाच महिन्यांचा झाला. त्याच्या पोटावर डाव्या बाजूला एक लाल तोंड आहे. आतडं तिथं बाहेर काढून ठेवलंय, शी तिथूनच येते. आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशीच तयार झालेल्या नाहीत, त्यामुळे तिथून काही पुढं सरकत नाही, असं साहेबांनी चित्र काढून दाखवलं. आजाराचं नाव हर्शस्प्रंग. आत्या त्याला 'ते इंग्रजी' म्हणते. पिशवी चिकटवली की कातडी सोलवटते, म्हणून घरी मी मऊ फडकी बांधते. दिवसाला बारा-पंधरा तरी लागतात.

आज मागून लिहायला सुरुवात केली ती चंदामुळे. चंदा माझी धाकटी जाऊ. माझा नवरा गोकुळ, त्याचा धाकटा भाऊ संजू, त्याची ही बायको. चाळीत आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. तिला सातवा लागला. सकाळी पोट पुढं काढून आली आणि फडक्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. तिच्या जुन्या सुती साड्या फाडून केलेली. म्हणते, "ताई, मऊ हाय, बघा ने." तिच्या अंगावरून उतरलेल्या चिंध्या माझ्या पोराला. कडासुद्धा दुमडून शिवून आणल्या होत्या, दाखवायला.

घेतली. नाही कशी म्हणू, पंधरा लागतात.

१४ नोव्हेंबर

भिमाबाई माझ्या बापाची सख्खी बहीण. म्हणजे आधी माझी आत्या, मग सासू. आमच्याकडे साक्रीच्या बाजूला मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, त्या हक्कानं मी या घरात आले. आणि चंदा? ती संजूला पॅकिंग खात्यात भेटली. बाप सुरगाण्याचा, हिचा जन्म इकडचाच, गुजरातच्या वेशीवरचा, निम्मं बोलणं गुजराती. कानामागून आली आणि तिखट झाली.

आज आत्यानं तिच्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. मला विचारलं, "तू खासी का?" मी चेतूच्या वेळी तीन महिने उलट्यांनी आडवी होते, तेव्हा मला वरणभात होता. मी तिच्या भावाची पोर. रक्ताची. भरीत मात्र बाहेरच्या बाईला.

खाल्लं मी. चांगलं झालं होतं, तेच जास्त लागलं.

२४ नोव्हेंबर

चंदाचं डोहाळजेवण. आत्या मला म्हणाली, "तू चेतूले संभाय, वटी शेजारीण भरी." मी खोलीत, आणि भिंतीपलीकडे गाणी. चेतूला पाजलं, फडकं बदललं, परत बदललं. मोठी जाऊ जिवंत असताना शेजारणीनं ओटी भरली. चाळभर बोलतील, बोलू देत.

मग चंदा स्वतःच आली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, ताट घेऊन. माझ्या पाया पडायला वाकली, सातव्या महिन्यात. "ताई, तुमी नाय आल्या ते मला गमलं नाय." मला म्हणायचं होतं, मला बोलावलं होतं का गं? नाही म्हटलं. मुद्दाम दाखवायला आली होती, साडी आणि पोट. चेतूला मात्र हात लावत नाही. दारातूनच खुळखुळा वाजवते. तिला घाण वाटत असणार.

२५ नोव्हेंबर

दोरीवर सकाळीच धुतलेली फडकी वाळत होती. रात्री तर मी ती बादलीत भिजवून झोपले होते. गोकुळला म्हटलं, बरं झालं, तुम्हाला सुचलं. तो म्हणतो मी नाही. लाजला असेल.

२ डिसेंबर

सुरतला जाऊन आलो. मी, गोकुळ, आत्या आणि चेतू. या वेळी सर्जनसाहेबांनी आम्हाला शैलजा मॅडमकडे पाठवलं. त्या फक्त आनुवंशिक आजारांचंच बघतात. मराठीच आहेत, डोंबिवलीच्या. त्यांनी मोठा कागद घेतला आणि आमचं अख्खं खानदान काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. लग्नाची एक रेघ. माझ्या आणि गोकुळच्या मधे त्यांनी दोन रेघा मारल्या. मी विचारलं दोन का? "नात्यातलं लग्न असलं की दोन," म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, तरी माझे कान तापले.

मग त्यांनी आत्याला विचारलं, "तुम्हाला मुलं किती? एखादं बाळ लहानपणी गेलं का?"

"नही बाई. मना दोन्ही पोऱ्या जित्ता शेतस."

मी आत्याकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती.

दोन्ही पोरं जिवंत, दुसरं कुणी नाही. खोटं आहे ते. गोकुळनंतर आणि संजूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी गेला. पोट फुगून. मला हे माझ्या आईनं सांगितलं, आत्यानं नाही. कारण त्या वेळी आत्यानं सगळ्या गावासमोर माझ्या आईला बोल लावला होता. माझ्या आईला तेव्हा मूलबाळ नव्हतं, लग्नाला चार वर्षं झालेली. वहिनीनं जळून नजर लावली, बाळ गेलं, असं आत्या म्हणाली. सहा वर्षं भाऊबीज बंद होती, पुढंही नुसती नावाला. मी झाले, मोठी झाले, मला गोकुळला दिली, तेव्हा कुठं सांधलं. ते सांधायलाच मला दिली, असं मला कधी कधी वाटतं.

तर मॅडमच्या कागदावर तिथं चौकोन आलाच नाही. मी पण बोलले नाही. सासूला खोटं कोण पाडणार, तेही डॉक्टरसमोर. तिघांचं रक्त घेतलं, माझं, गोकुळचं, चेतूचं. पोराच्या हाताची शीर सापडेना. मी बाहेर गेले.

येताना वापीला रिक्षात बसल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "रगतमा काय दिसस त्यास्ले?"

१० डिसेंबर

देठाचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की असं काही झालंच नाही.

चेतू जन्मला तेव्हा पूर्ण दिवस गेला, काळी शी झाली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यानं विड्याचं पान आणलं, देठ मोडला, एरंडेल तेलात बुडवला आणि पोराला मागून हळूच लावला. "मोकया व्हई जाई." झालाही. थोडीशी काळी शी आली. तेवढ्यात नर्स विचारत आली, बाळाला शी झाली का? आत्या म्हणाली, हो. नर्सनं खूण केली, आम्ही घरी. मग रोज देठ. पोराला सवय लागली म्हणायचे सगळे. पाचव्या आठवड्यात पोट ढोलकीसारखं, हिरवी उलटी, अंग तापलेलं. सुरतला सर्जनसाहेबांनी मला विचारलं, "पहिल्या दोन दिवसांत स्वतःहून शी झाली होती का?" मी म्हटलं, झाली होती, पण देठानं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "ते कळलं असतं तर पहिल्या आठवड्यातच सापडलं असतं."

आत्याला मी हे सांगितलं नाही. गोकुळ म्हणाला, तिला लागेल. सगळ्यांना सगळं लागतं, मला काही लागत नाही.

२३ डिसेंबर

वीस तारखेला चेतूचं मोठं ऑपरेशन झालं. नसांशिवायचं आतडं काढलं आणि वरचं चांगलं खाली ओढून जोडलं. पोटावरचं तोंड अजून तसंच, खालची जोडणी भरून आल्यावर बंद करणार. साडेचार तास. मी बाकावर बसून राहिले, पाणी प्यायले नाही.

संजूचा फोन, मग त्यावरूनच चंदा. "ताई, डॉक्टर काय बोलले? हे काय होतं, कशामुळे होतं, विचारलं का तुमी?" प्रत्येक वेळी हाच प्रश्न. कशामुळे, कशामुळे. माझं पोर टेबलावर आणि हिला चौकशा. जिचं जळतं तिलाच कळतं. मी म्हटलं, बॅटरी संपत आलीय.

१७ जानेवारी

मॅडमचा फोन आला. गोकुळ पहिल्या पाळीला, आत्या देवळात. मी एकटीच ऐकलं.

प्रत्येक माणसाकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. आमच्या घरात एका जीनमध्ये बदल आहे, आतड्याच्या नसा तयार करणारा तो जीन. एक प्रत बिघडलेली असली तर बहुतेकांचं दुसरीवर निभावून जातं. काहींचं जात नाही, आणि त्यात मुलगे जास्त. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे एक बिघडलेली. गोकुळकडेही तीच. बहुतेक आमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून, एक फांदी माझ्या बापाकडून, एक आत्याकडून. चेतूला दोन्ही बिघडलेल्याच आल्या.

"रोहिणीताई, यात कुणाचा दोष नाही," म्हणाल्या. दोष नाही म्हणायला त्यांना काय जातं.

मग म्हणाल्या, "तुमच्या दिरालाही तो बदल असू शकतो, शक्यता निम्मी. त्यांची बायको गरोदर आहे असं तुम्ही सांगितलं होतंत. घाबरायचं कारण नाही, शंभरात पाचेक बाळांना त्रास होईल, फार तर. पण बाळ जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत काळी शी आपोआप होते का, ते बघायला हवं. काहीही न लावता. देठ नाही, साबण नाही. मी पत्र पाठवते, घरात सगळ्यांना दाखवा."

पत्र मोबाईलवर आलं. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणलं. घडी घालून याच वहीत ठेवलंय.

गोकुळला अर्धंच सांगितलं, की दोघांकडून आलंय. तो ताट बाजूला सारून बसला. "आईला सांगू नको," म्हणाला. संजूचं मी काढलं नाही, त्यानं विचारलं नाही.

१८ जानेवारी

शंभरातले पंच्याण्णव बरे असतात. मग दिवस भरत आलेल्या बाईला उगाच कशाला घाबरवा? झोप उडेल तिची. मीच वाईट ठरेन.

२१ जानेवारी

दुपारी चंदा आली. पाय सुजलेत, तरी आली. उंबऱ्यावर बसून विचारते, "ताई, तो रक्ताचा रिपोर्ट आला का?"

मी म्हटलं, "आला. काही विशेष नाही."

"म्हणजे घरातून नाय ने आलेलं?"

"सांगितलं ना, काही विशेष नाही."

ती हसली. एवढं मोकळं हसली की माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे हिला आता खात्री झाली, हिचं पोर ठणठणीत होणार. मला मनातून वाटलं, होऊ दे. एकदा हिलाही होऊ दे. कळू दे हिरव्या साडीला, बादलीभर फडकी म्हणजे काय.

हे वाक्य खोडणार होते. नाही खोडत. वहीत तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

माझ्या आईला आत्या म्हणाली होती, नजर लावली. आई बिचारी. तिनं लावली नसेल. मी मात्र लावतेय की काय?

५ फेब्रुवारी

चंदाला मुलगा झाला. दुपारी पावणेदोनला, इथेच सिव्हिलला. साडेतीन किलो. नॉर्मल. टाकासुद्धा नाही. आत्यानं वॉर्डभर पेढे वाटले. चेतूच्या वेळी बत्तासे होते.

बघून आले. केस दाट आहेत. पोट मऊ, सपाट. मी हात लावून बघितलं. चंदा म्हणाली, "घ्या ने ताई, मांडीवर घ्या." घेतलं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळी अकरा

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. चेतूला शेजारणीकडे ठेवून आले.

साडेआठला आत्याचा फोन. "येताना विड्यानं पान लई ये. देठवालं."

मी विचारलं, "शी नाही झाली?"

"व्हई जाई. पान लई ये तू."

टपरीवाला सवयीनं देठ कात्रीनं उडवतो. त्याला सांगावं लागलं, देठासकट दे. त्यानं ओल्या कागदात गुंडाळून दिलं. पान आता पिशवीत आहे, आणि पिशवीत ही वही आहे, वहीत मॅडमचं पत्र आहे. एकवीस तास झाले.

मी काही केलं नाही तर काय? मी फक्त पान नेऊन देणार. पान मागितलं, पान दिलं. उद्या कुणी मला विचारणार नाही. शंभरातले पंच्याण्णव.

अंगठ्यानं देठ दाबून बघितला. किती बारीक असतो.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी

आत गेले तेव्हा चंदा बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती आणि ते तोंड फिरवत होतं. मला बघून म्हणाली, "ताई, चेतूचं असंच होतं का पयल्या दिवशी? खरं सांगा." तिचे ओठ कोरडे पडले होते. आत्यानं तेलाची बाटली उघडलेली.

मी पान काढलं आणि सगळ्यांसमोर देठ मोडून टाकला. नखानं तुकडे केले. पान चुरगळलं.

आत्या म्हणाली, "काय करस? पागल व्हयनी का?"

"देठ लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंना बोलवा."

"तुले तिना पोऱ्या देखवत नही! तवापासून देखी राहिनू मी!" अख्खा वॉर्ड ऐकत होता. खरंच होतं ते. म्हणून मी म्हटलं, "नाही देखवत. पण देठ लावू देणार नाही."

बाळांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी पत्र दिलं. त्यांनी विचारलं, घरात आधी असं झालंय? मी म्हटलं, माझ्या मुलाला. आणि माझ्या सासूचा एक मुलगा, नवव्या दिवशी, पोट फुगून.

आत्या लोखंडी पलंगाचा दांडा धरून खाली बसली. तिला कुणी खोटं पाडलं असं मला वाटलं नाही. ती नुसती बसली, बऱ्याच दिवसांनी बसायला मिळाल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी पत्रावरची तारीख वाचली. "सतरा जानेवारी," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. चंदानंही पाहिलं. तिनं बाळ छातीशी ओढलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चोवीस तास भरले, सव्वीस भरले, अठ्ठावीस. शी नाही. पोट वर येऊ लागलं. सहाला गाडीनं सुरतला पाठवलं. संजू आणि आत्या सोबत गेले, आणि चंदाही, काल बाळंत झालेली, कुणाचं न ऐकता.

९ फेब्रुवारी

सुरत. मी चेतूला घेऊन आलेय. गोकुळनं रजा टाकली.

तपासणी झाली. हर्शस्प्रंगच आहे, पण शेवटचा थोडाच भाग. सर्जनसाहेब म्हणाले, वेळेवर आलं, पोट अजून बिघडलेलं नाही. रोज नळीनं पोट धुवायचं, घरीसुद्धा, आणि दोन महिन्यांनी एकच ऑपरेशन. पोटावर तोंड करायची गरज नाही.

गरज नाही. चेतूला सात महिने पोटावर तोंड. पंधरा फडकी. तीन ऑपरेशनं. तिच्या पोराला एकच. का? कारण माझ्या पोराचं उशिरा कळलं, म्हणून तिच्याचं लवकर कळलं. गोकुळला वाटलं मी आनंदानं रडतेय. "तुझ्यामुळे वाचला तो," म्हणाला. मी जळत होते. आपल्याच हातानं दिलेल्या गोष्टीवर माणूस जळतं, हे मला माहीत नव्हतं.

आज बाळाची पाचवी. वॉर्डात पूजा कुठली, पण आत्यानं उशाशी ठेवायला कोरा कागद मागितला, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. माझ्याकडे हीच वही. पुढचं एक पान फाडून दिलं, त्याच्यावर मी रकाने आधीच आखलेले होते. आत्या म्हणाली चाली. आता सटवाईला पण वेळ, रंग आणि घेर लिहावा लागणार.

मग आत्यानं माझाच फोन मागितला. माझ्या आईला लावून दे म्हणाली. मी लावून दिला. तिकडून आई "कोण? कोण?" करत होती आणि ही नुसतीच श्वास घेत होती. शेवटी म्हणाली, "वहिनी, तुनी नजर नव्हती वं. मी चुकनू." एवढंच. आई काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती.

११ फेब्रुवारी

शैलजा मॅडमकडे आत्या आपण होऊन गेली. माझ्या हाताला धरून. "तो कागद काढा," म्हणाली. मॅडमनी काढला. आत्यानं गोकुळच्या आणि संजूच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. मॅडमनी तिथं चौकोन काढला आणि त्यावर गेलेल्याची तिरकी रेघ मारली. नाव होतं का, विचारलं. पाचवी झाली होती, बारसं व्हायचं होतं. आत्या म्हणाली, "मी त्याले नथू म्हनत होतू." लिहिलं त्यांनी, नथू.

१२ फेब्रुवारी

चंदाशी बोलायचं धाडस आज केलं. पाणी भरायच्या नळापाशी. म्हटलं, पत्र माझ्याकडे तीन आठवडे होतं. मी सांगितलं नाही.

ती म्हणाली, "माहीत हाय."

"मग विचार ना, का नाही सांगितलं."

"का विचारू? माझ्याकडं बघून तुमचा चेहरा कसा होतो, मी काय आंधळी हाय?" तिनं बाटली नळाखाली धरली. मग म्हणाली, "मला चेतूला घ्यायचं होतं. आईंनी मना केलेलं. पोटुशी बाईनं आजारी पोराला घेऊ नाय, बोलल्या. मग मी काय करणार, फडकीच धुवायची."

मी म्हटलं, कुठली फडकी?

ती बाटली घेऊन निघून गेली. मी तिथंच उभी. नळ चालू राहिला.

३ मार्च

घरी. चंदाला वही आखून दिली. तारीख, वेळ, किती पाणी आत, किती बाहेर, शी, घेर. नळी कशी धरायची ते नर्सनं दाखवलंय, तरी पहिल्या आठवड्यात तिला नळी सरकवायचा धीर होत नव्हता, म्हणून सकाळचं पोट मीच धुते. साडेतीन किलोचं पोर आता चार किलो. दाट केस अजून तसेच. अजूनही त्याचं सपाट, कोरं पोट बघितलं की आत काहीतरी टोचतं. रोज टोचतं. धुऊन झालं की फडक्यानं पुसते, तिनं शिवलेल्याच.

१९ मार्च

काल चेतूच्या पोटावरचं तोंड बंद केलं. आता तिथं फक्त टाके. आता खालूनच व्हायला हवी. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. मला वाट बघण्याबद्दल कुणी काही सांगू नये. चंदापण बाळाला दाखवायला इथं आलीय, तपासणीची तारीख होती. दोघी एकाच वॉर्डात, मधे दोन खाटा.

२२ मार्च

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. चेतूनं शी केली. स्वतःहून. देठ नाही, नळी नाही, पोटावरून नाही. जिथून करायची तिथून. साडेनऊ महिन्यांचं माझं पोर, लाल झालं, दोन्ही मुठी आवळल्या आणि केली. पिवळी, भरपूर, माझ्या मांडीवर. वास सगळ्या वॉर्डात. मी तशीच बसून राहिले आणि मोठ्यानं रडले.

मग उठले आणि गोकुळला फोन न करता, आत्याला न सांगता, आधी चंदाकडे धावत गेले. ती बाळाच्या पोटात पाणी सोडत होती. "चंदा, झाली. आपोआप."

तिच्या हातातली नळी थांबली. ती हसली, "अरे वा, ताई!" म्हणाली. पण हसायच्या आधी, डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ, तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. ओठ आवळले गेले, नजर माझ्या मांडीवरच्या डागावर गेली आणि पटकन आपल्या पोराच्या पोटाकडे वळली. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला लगेच ओळखू आलं. सातव्या महिन्यापासून मी तेच तोंड घेऊन तिच्यासमोर बसत होते.

मला तिचा राग आला नाही. मी तिच्या हातातली नळी घेतली आणि म्हटलं, "तू बस. हे मी करते. तुझ्याचीही होईल."

तिची वही उघडीच होती. तिनं वेळ लिहिली, सात पंचवीस. मग विचारलं, "चेतूची कुठं लिहू?"

"इथंच लिही," म्हटलं. "शेजारी एक रकाना आख."